पुठ्ठ्याचं गाव

१४ डिसेंबर, न्यू जर्सी

नाताळच्या देखाव्यासाठी डॉलर शॉपमधून आणलेली पुठ्ठ्याची घरं आज रंगवायला घेतली. एक चर्च, एक बेकरी, बाकी साधी घरं. आधी सगळ्यांना गेसोचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पातळ हात दिला, नाहीतर पुठ्ठा पाणी पिऊन फुगतो. मग ॲक्रिलिक. भिंतीचा विटकरी रंग वाळला की वरून पाणीदार तपकिरी फिरवून लगेच फडक्याने टिपायचा. तो खाचांत उरतो आणि नवंकोरं घर एकदम जुनं, नांदतं दिसू लागतं. हा क्षण मला फार आवडतो. छपरावरच्या बर्फासाठी पांढऱ्या रंगात खायचा सोडा कालवते. खिडक्यांना आतून बटर पेपर.

मागे दिव्यासाठी भोक आहेच. १९२०-३०च्या दशकांत जपानहून अमेरिकेत येणाऱ्या अशा स्वस्त पुठ्ठ्याच्या घरांनाही ते असायचं. पेनसिल्व्हेनियातल्या मोरेव्हियन पंथाच्या लोकांची नाताळचा देखावा मांडायची चाल तर त्याहूनही जुनी.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे कुठे उभे करायचे, यावरून आम्ही भावंडं भांडायचो. इथे लेकीला चर्च टेकडीवर हवंय, मला चौकात. चिनी मातीची महागडी तयार घरं सुंदर असतात, पण त्यांच्या दारांचा रंग दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेला असतो. आमच्या बेकरीचं दार उद्या हिरवं होणार.