वाचलेल्या विजेचा जमाखर्च

बी.कॉम. झाल्यावर पुढे काय, हा विषय आमच्या वर्गात रोज निघतो. बँक, पोस्ट, स्पर्धापरीक्षा आणि काहीच जमले नाही तर पुणे, एवढ्यात आमची यादी संपते. तिच्यात आणखी एका धंद्याची भर घालावी असे मला वाटते. तो म्हणजे वीज वाचवण्याचा धंदा.

वाचवणे हा काय धंदा झाला, असे कोणी म्हणेल. पण 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, 2002 साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. जास्त ऊर्जा वापरणाऱ्या ठराविक उद्योगांना ऊर्जा व्यवस्थापक नेमणे भाग पडले. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. या सगळ्याला माणसे लागतात.

आपल्या बेळगावचेच पाहा. फौंड्रीतल्या इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते. झाकण उघडे राहिले की उष्णता वाया, हवेची नळी गळू लागली की कॉम्प्रेसर फुकट चालतो. इंजिनिअर हे मोजून इंग्रजीत अहवाल देतो. मालक एवढेच विचारतो, “घातलेला पैसा किती महिन्यांत सुटणार?” हा प्रश्न आमच्या शाखेचा आहे. काही कंपन्या स्वखर्चाने यंत्रे बसवून बचतीतून पैसे घेतात. तिथे खरी बचत ठरवायला हिशेबनीस हवाच. शिवाय मालकाला मराठीत आणि भट्टीवरच्या कामगाराला कन्नडमध्ये तेच समजावणारा मिळाला तर अहवाल कपाटात पडून राहणार नाही.

पण खात्याला दुसरी बाजूही असते. माझे मामा जळालेल्या मोटारी भरून देतात. निष्काळजीपणे भरलेली मोटार जास्त वीज खाते, म्हणून कारखानदार नवी कार्यक्षम मोटार घेऊ लागले आहेत. मामा म्हणतात, “तुमची बचत ती आमची खोट, बाळा.” त्यांचे म्हणणे मला अजून खोडता आलेले नाही. मात्र योग्य जाडीची तार वापरून, गाभा फार न तापवता मोटार भरली तर तिची कार्यक्षमता टिकते. म्हणजे मामांच्या हाताला काम आहे, पण त्यांना नवी पद्धत शिकवणारा कोणी हवा.

नव्या नोकऱ्या जमेला धरताना जुने हात खर्ची पडता कामा नयेत. हा ताळेबंद जुळवण्याचे काम मला मिळाले, तर पुण्याची गाडी मी खुशाल सोडीन.