किरिंदीच्या अरण्यातील फोसा

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटरवर मादागास्कर बेट आहे. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी ते आपल्या भारतीय भूखंडापासून विलग झाले. तेथे वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हाही नाही. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी मुंगसासारखा एक पूर्वज, बहुधा वाहत्या ओंडक्यांवरून, आफ्रिकेतून तेथे पोहोचला. बेटावरील सारे देशी मांसाहारी सस्तन प्राणी त्याचेच वंशज होत. पूर्वेकडील दमट अरण्यातला फालानूक गांडुळे खातो आणि चणचणीच्या दिवसांसाठी शेपटीत मेद साठवतो. सर्वांत मोठा तो फोसा. तो लेमूरची शिकार करतो.

तो पाहावा, ही माझ्या शहात्तर वर्षांच्या आईची इच्छा. तिचे गुडघे पाहून मी नकार दिला. ती म्हणाली, “तू गुडघ्यांचा डॉक्टर आहेस, इच्छेचा नाहीस.”

आम्ही पश्चिमेकडील मोरोंडावा शहरातून गोरखचिंचेच्या कुळातील प्रचंड वृक्ष पाहत किरिंदीच्या अरण्यात पोहोचलो. पहाटे वाटाड्याबरोबर मी तीन तास पायपीट केली. फोसा दिसला नाही. परतलो तो आई तळावर खुर्चीत बसून हसत होती. तांबूस अंगाचा, अंगाएवढ्याच लांब शेपटीचा फोसा तिच्यासमोरच्या झाडावरून डोके खाली करून उतरला होता!

हे त्याला साधते, कारण त्याचे मागचे घोटे वळून पंजे उलटे फिरतात. आपले घोटे मात्र वयानुसार ताठरतात. पाऊल पुरेसे उचलले जात नाही आणि पायरीवर तोल जातो. म्हणून खुर्चीत बसून पावले वर-खाली करावीत, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. जिना उतरताना कठडा सोडू नये. शुश्रूषा करणाऱ्यांनी घाई करू नये.

तेथे हिवताप आहे. प्रतिबंधक गोळ्या ज्येष्ठांनी चालू औषधे दाखवून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

फोशाला विस्तीर्ण अरण्य लागते आणि ते शेतीसाठी जाळले जात आहे. त्याची गणना आज असुरक्षित प्राण्यांत होते. आपल्या ज्येष्ठांची एखादी इच्छा तुम्हीही ‘पुढच्या वर्षी’ म्हणून टाळली असेल, तर पुन्हा विचार करा. अरण्य आणि आयुष्य, दोन्ही आपल्यासाठी थांबत नाहीत.