दोन प्रश्नांचा एक वाद

वादविवादाची हौस महाराष्ट्रास पूर्वापार आहे. वादाची शिस्त मात्र तितकीशी नाही. सामाजिक प्रश्नांवरील आपले बहुतेक वाद मला एकाच ठिकाणी अडलेले दिसतात. अमुक गोष्ट इष्ट आहे काय, हा एक प्रश्न. ती कायद्याने घडवून आणावी काय, आणि कोणत्या सत्तेने, हा अगदी निराळा प्रश्न. आपण उत्तर एकाचे देतो आणि प्रतिपक्षावर रागावतो तो दुसऱ्यावरून!

१८९१ सालचा संमतिवयाचा वाद ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ सालीच बालविवाहाविरुद्ध टिपणे प्रसिद्ध केली होती. पुढे १८९० साली कलकत्त्यास फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या समागमामुळे मृत्यू पावली, आणि संमतीचे वय दहावरून बारावर नेणारे विधेयक आले. मार्च १८९१ मध्ये ते मंजूर झाले. दोन वर्षांची ती वाढ. पण पुण्यातील सभा उधळल्या गेल्या, आणि आगरकरांनी तर आपली प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली.

टिळकांचा विरोध सर्वांस ठाऊक आहे. मात्र मुलीचे लग्न सोळाच्या व मुलाचे विसाच्या आत करू नये, हुंडा घेऊ नये, विधवेचे केशवपन करू नये, आणि सुधारकांनी हे नियम आधी स्वतःस लावून घ्यावे, अशी सूचना त्यांनीच केली होती, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. म्हणजे पहिल्या प्रश्नावर ते सुधारकांपासून फारसे दूर नव्हते. वादाच्या भरात त्यांनी शास्त्रार्थाचा आधार घेतला खरा. पण परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा त्यांचा खरा मुद्दा दुसऱ्या प्रश्नावरचा होता, आणि तो पोकळ नव्हता. तरीही मला तो अपुरा वाटतो. समाज आपल्या गतीने सुधारेल, असे म्हणणाऱ्याने थांबण्याची किंमत कोण देतो हे सांगितले पाहिजे. ती येथे दहा वर्षांची मुलगी देत होती, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

आता सरकार परके नाही. म्हणून दुसरा प्रश्न मिटला, असे मानण्याचा मोह होतो. डिसेंबर २०२१ मध्ये मुलीच्या लग्नाचे वय अठरावरून एकवीस करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले, तेव्हा आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर ह्यावर बराच खल झाला. माझे आतेभाऊ वकील आहेत. मुलाला एकवीस तर मुलीला अठरा का, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. वहिनी बीड जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहेत. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

मग म्हणाल्या, "भाऊजी, दिवाळी झाली की माझ्या पटावरची नावे गळू लागतात. आईबाप ऊसतोडीला निघतात. वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर फडावर आडोसा नाही. म्हणून लग्न. आणि लग्न झाले की नवा कोयता तयार, मुकादमाकडून जोडीची उचल मिळते. अठराचा कायदा आजही आहेच की."

कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे शहरातल्या वाचकांस सांगावे लागेल. हत्याराचे नाव माणसांच्या जोडीस पडावे, ह्यात त्या व्यवहाराचे सारे स्वरूप आले.

"मग वहिनी, कायदाच नको म्हणता?" आतेभावांनी विचारले.

"असे कसे म्हणेन? अठराचा आहे म्हणून तर ग्रामसेवकाला बोलावून दोन लग्ने मी थांबवली. पण एकीचे आईबाप आठवड्यात कारखान्यावर गेले. आमच्या गावचे हंगामी वसतिगृह त्या वर्षी वेळेवर सुरू झाले नव्हते. चार महिने ती पोर कुठे राहणार, हे तुमच्या विधेयकात लिहिले आहे का?"

ते त्यात लिहिलेले नव्हते. पुढे विधेयक संसदेच्या समितीकडे गेले, आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही व्यपगत झाले.