एका वेळी एकच काडतूस

काडतूस हा शब्द आपल्या मराठीत पोर्तुगिजांबरोबर आला. पाव, पगार, पिस्तूल यांच्या पंगतीत तोही येऊन बसला आणि आपलाच होऊन गेला. शब्द घरचा झाला तरी वस्तू मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी हातात धरली असेल. कोकणात शेतराखणीसाठी ज्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक असते, त्यांना दारू, छर्रे आणि टोपी यांचा हिशेब ठाऊक असतो. बाकीच्यांसाठी काडतूस म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. मीही त्या बाकीच्यांतलाच. काडतूस घरच्या घरी, फावल्या वेळात, चष्मा नाकावर सरकवून भरणारा माणूस मी प्रथम पाहिला तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, २०२५ साली, मुलीकडे राहायला गेलो असताना.

हे गृहस्थ मुलीच्या शेजारी राहतात आणि त्यांच्याच धर्मग्रामातील आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पत्नी निवर्तलेली. रविवारच्या मिस्सेला शेवटून तिसऱ्या बाकावर बसतात. आमची ओळख झाली ती यंत्रामुळे. माझी छत्तीस वर्षे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय घासण्यात गेली. हे कळताच त्यांनी मला गॅरेजमध्ये नेले आणि टेबलाला बोल्टने आवळलेला आपला प्रेस दाखवला.

बिडाचा, ‘ओ’ अक्षरासारखा बंद सांगाडा, मधून वरखाली होणारा दट्ट्या आणि बाजूला लांब हँडल. याहून त्यात काही नाही. दट्ट्याच्या टोकावर पितळी पुंगळी कडेने पकडून बसते. वर एक डाय आट्यांनी बसवलेली असते. हँडल एकदा ओढले की एकच काम होते आणि तेही एकाच पुंगळीवर. डायचे आटे पाऊण इंचाहून थोडे मोठे, सात अष्टमांश इंचाचे, इंचाला चौदा. हे माप इतके सर्वमान्य झाले आहे की एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये निमूटपणे बसते. आयुष्यभर ‘यांचा नट त्यांच्या बोल्टला लागत नाही’ ही रड ऐकलेल्या माणसाला याचे केवढे अप्रूप! असे प्रेस बनवणारी आरसीबीएस ही नामांकित कंपनी १९४३ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी सुरू केली, तीही वडिलांच्या लाँड्रीच्या एका कोपऱ्यात. युद्धामुळे गोळ्यांची टंचाई होती आणि टंचाई ही कारागिराची जुनी शिक्षिका आहे.

काडतुसाचे घटक चार: पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी फुटते. पुंगळी तेवढी उरते. चौघांत महाग तीच, आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. हातभरणीचे सारे अर्थशास्त्र एवढेच. मात्र प्रत्येक पुंगळी यासाठी चालत नाही. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एकच छिद्र असते, त्यातून सुई घालून जळकी टोपी बाहेर ढकलता येते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीत बाजूला दोन छिद्रे असतात आणि सुई चालत नाही. गंमत अशी की इंग्रजाची टोपी अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने.

आमचे शेजारी एका बैठकीत पन्नास पुंगळ्या घेतात. छिद्रे पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात त्या मेणबत्त्यांसारख्या उभ्या राहतात. प्रथम पुसून तपासणी. बुडापासून थोड्या वर पितळेवर चकाकती रेघ दिसली तर तेथे धातू पातळ झाला असे समजायचे आणि ती पुंगळी पक्कडने चेपून टाकायची, म्हणजे चुकूनही परत येणार नाही. मग तेलाचा बोट पुसल्याएवढा हात. तो विसरला तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की काढताना संध्याकाळ जाते. मग पहिली ओढ: जळकी टोपी खाली पडते आणि फुगलेली पुंगळी मूळ मापाला येते. पन्नासही पुंगळ्यांचे हे झाल्याशिवाय दुसरे काम नाही. पितळ दर बाराला थोडे पुढे वाहते, मान लांबते. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने लांबी मोजून वाढ कापायची. मग नवी टोपी, मग दारू, शेवटी डाय बदलून गोळी.

दारू तोलताना ते बोलत नाहीत. रेडिओ बंद, टेलिफोन आत. टेबलावर दारूचा एकच डबा, म्हणजे दोन जातींची गल्लत व्हायला नको. माप ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन आपल्या सोनाराच्या सुमारे अर्ध्या गुंजेएवढा. छापील पुस्तकातील आकड्यापलीकडे एक कणही ते जात नाहीत. पन्नास भरल्या की दिवा हातात घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावतात. एखादीत दारू पडलीच नसेल तर गोळी नळीतच अडकते आणि मागून येणारा बार बंदूक फोडतो. एखादीत दोनदा पडली तर पहिल्याच बाराला तोच प्रकार. एका ओढीत साऱ्या पायऱ्या उरकून तासाला शेकड्यांनी काडतुसे काढणारे प्रेसही मिळतात. ते का घेतले नाहीत, असे मी विचारले. ते म्हणाले, “मला वर्षाला लागतात साठ. घाई कोणासाठी करू?”

एवढ्या काटेकोरपणामागे बचतीपेक्षा निराळे कारण आहे, हे मला हळूहळू कळले. विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या बंदुकीच्या शिकारीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो आणि तो नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्यांना शिकारीचे शिक्षण घेतल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. प्रत्येक काडतूस दुसऱ्यासारखेच असेल तर गोळी जेथे योजली तेथेच लागते, आणि हरीण जखमी होऊन रात्रभर रानात तडफडत नाही. आपल्या श्रद्धाग्रंथात, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कॅटेकिझममध्ये, अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करणे उचित म्हटले आहे आणि विनाकारण त्यांना यातना देणे मानवी प्रतिष्ठेला विसंगत ठरवले आहे. हा भेद मी अनेकदा वाचला असेन. गुंजभर दारू तोलणाऱ्या त्या थरथरत्या बोटांत तो पाहायला मिळाला. टेबलावर भिंतीला संत ह्युबर्टची तसबीर आहे. शिकाऱ्यांचे आश्रयदाते. गुड फ्रायडेला शिकारीस निघालेल्या ह्युबर्टला हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, अशी आख्यायिका आहे. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला, हंगामाच्या तोंडावर येतो.

माझा तेरा वर्षांचा नातू या गॅरेजचा भक्त झाला होता. त्याच्या आईला ते प्रथमपासून रुचले नव्हते. पण ती गप्प होती.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी शेजारच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस येथील अनन्सिएशन चर्चमध्ये, शाळेच्या मुलांची मिस्सा चालू असताना बाहेरून खिडक्यांतून गोळीबार झाला. आठ आणि दहा वर्षांची दोन मुले बाकांवरच मृत्युमुखी पडली, कित्येक जखमी झाली. त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये फादरांना प्रवचन पुरे करता आले नाही. शेजारी मिस्सा संपल्यावरही बराच वेळ गुडघ्यांवर होते. त्यानंतर पाच आठवडे त्यांच्या गॅरेजचे दार उघडले नाही.

मुलगी मला म्हणाली, “पप्पा, तुम्ही आयुष्यभर डाय बनवल्या. त्यातून स्टोव्हचे बर्नर निघाले. ह्यांच्या डायमधून काय निघतं?”

“बाय, मांस निघतं,” मी म्हटले, “आणि त्यातलं निम्मं गरिबांच्या शिधाघरात जातं.”

“तेही निघतं,” ती म्हणाली.

वर्षाला साठ काडतुसे भरणारा वृद्ध आणि मुलांवर गोळ्या झाडणारा माथेफिरू यांचा एकमेकांशी संबंध नाही, असे म्हणता येते. ते खरेही आहे. पण मला ते उत्तर फार स्वस्त वाटते. पितळ तेच, टोपी तीच, दारूही त्याच कुळातली. अमेरिकेच्या कॅथोलिक महागुरूंनी १९९४ मध्येच हिंसेच्या संस्कृतीविषयी निवेदन काढून इशारा दिला होता; त्यालाही आता तीन दशके उलटली. आपल्या देशात १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय काडतूस बनवणेच गुन्हा आहे. तेथे स्वतःपुरते भरायला परवाना लागत नाही. कारागीर म्हणून मला त्या गॅरेजचा हेवा वाटला. आजोबा म्हणून आपला कायदा बरा वाटतो. दोन्ही मते माझ्यात एकत्र नांदतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

ऑक्टोबरात दार उघडले. शेजाऱ्यांनी कोणाशी वाद घातला नाही, आपली बाजू मांडली नाही. त्यांनी दारू आणि टोप्या कुलुपाच्या कपाटात हलवल्या आणि आमच्याकडे येऊन मुलीला विचारले, “मुलाने नुसत्या रिकाम्या पुंगळ्या मोजल्या तर चालेल का? टोपी नाही, दारू नाही. मला आता कॅलिपरवरचे बारीक आकडे दिसत नाहीत.”

तिने दोन दिवस घेतले. मग आमच्या जेवणाच्या टेबलावर, तिच्या नजरेसमोर, हे काम होईल असे ठरले. नातू शनिवारी पन्नास पुंगळ्यांचा ठोकळा घेऊन बसे. कॅलिपर कसा धरायचा, जबडा किती हलका दाबायचा, हे मी दाखवले. तो इंचाच्या सहस्रांशापर्यंत लांबी वाचून वहीत लिही आणि जास्त भरलेल्या पुंगळ्या बाजूला काढी. मी परत निघालो त्या आठवड्यापर्यंत वहीची चार पाने भरली होती. हंगामाला शेजाऱ्यांबरोबर रानात जाऊ का, हे त्याने आईला विचारले होते. ती अजून काही बोललेली नव्हती.