रुसलेला सीडी ड्राइव्ह



देवळाली कॅम्पात पावसाळा म्हणजे कपाटातल्या साड्यांनाही कुबट वास. त्याच दिवसांत आमच्या जुन्या लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह बंद पडला. एरवी भंगारात दिला असता. पण सासऱ्यांनी घरी म्हटलेली स्तवनं एकाच सीडीवर आहेत, आणि पर्युषण जवळ आलं की आईंना ती हवीच असतात. दुकानदार म्हणाला, "काकू, आता कोण सीडी लावतं? सोडून द्या." हे आईंना कोण सांगणार!

मग मुलाला फोनवर घेऊन मीच बसले. आधी दोष कोणाचा ते ठरवायचं, सीडीचा की ड्राइव्हचा. दुसरी सीडी घातली, तीही वाचेना. लग्नाची डीव्हीडी मात्र झटकन चालली. मुलगा म्हणाला, ड्राइव्हमध्ये सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा लेझर असतो आणि डीव्हीडीसाठी 650 चा. एक थकला तरी दुसरा चालतो. डीव्हीडी चालली म्हणजे जोडणी आणि विंडोज ठीक आहेत, तिकडे वेळ घालवू नकोस.

लॅपटॉप बंद करून ट्रे बाहेर काढला. (ट्रे अडकला तर पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबा.) लॅपटॉपच्या ड्राइव्हची लेन्स ट्रेवरच असते. ओलाव्यात बारीक जीव असतात, म्हणून आधी लेन्सला न लावता कडेने पुंजणी फिरवली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेतलेली कापसाची काडी लेन्सवरून अलगद. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली, गोल गोल नाही. आणि चकचकीत बाजूइतकीच छापील बाजूही जपा बरं, माहितीचा थर त्याच बाजूला, अगदी पातळ लेपाखाली असतो.

तरीही सीडी वाचेना. ड्राइव्हचा सीडीचा लेझरच गेला असणार. शेवटी शेजारच्या वहिनींकडून यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह आणला आणि सीडी पहिल्याच झटक्यात लागली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, दारातच उभं राहून ऐकत राहिल्या.

आता महत्त्वाचं. गाण्यांची सीडी उघडली की 'सीडीए' नावाच्या फायली दिसतात. त्या पेनड्राइव्हवर नुसत्या चिकटवल्या तर आवाज येत नाही, त्या जेमतेम 44 बाइटच्या खुणा असतात. विंडोज मीडिया प्लेयरमध्ये 'रिप सीडी' करून एमपी३ बनवावे लागतात. तसं केलं, एक प्रत घरी ठेवली, एक नणंदबाईंना दिली. तिसऱ्या स्तवनात मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येते. मुलगा म्हणाला, काढून टाकतो. आई म्हणाल्या, राहू दे.

वहिनींचा ड्राइव्ह रविवारी परत करायचा आहे. लॅम रोडच्या आसपास कोणाच्या घरी अशी एकच सीडी उरली असेल तर त्याआधी घेऊन या, चहा तयार ठेवते.