धुराच्या खाडीकाठचे शहर

आइसलँडमधल्या केफ्लाविकच्या विमानतळावरून राजधानी रेक्याविककडे जाणारा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता काळ्या लाव्ह्याच्या पठारातून जातो. झाड जवळजवळ नाहीच. खडबडीत दगडांवर करड्या-हिरव्या शेवाळाची जाड साय धरलेली असते आणि मधूनच जमिनीतून वाफ निघताना दिसते. उत्तर अमेरिकेचे आणि युरेशियाचे भूपट्ट या बेटाखाली दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर सरकतात. त्या भेगेतून वर येणाऱ्या लाव्ह्यानेच आइसलँड घडले आहे. हे घडणे अजून संपलेले नाही. रेक्यानेस द्वीपकल्पाचा हा भाग सुमारे आठशे वर्षे शांत होता. २०२१मध्ये इथे पुन्हा उद्रेक सुरू झाले आणि नोव्हेंबर २०२३मध्ये ग्रिंदाविक हे कोळ्यांचे गाव रिकामे करावे लागले. प्रवाशाने निघण्यापूर्वी हवामानाइतकीच ज्वालामुखीची बातमीही पाहावी.

नवव्या शतकात नॉर्वेहून आलेल्या इंगोल्फुर आर्नार्सोनने जिथे घर बांधले, त्या जागेला तिथल्या वाफेवरून 'धुराची खाडी' म्हणजेच रेक्याविक हे नाव पडले. ही वाफ गरम झऱ्यांची होती. आज त्याच भूगर्भातल्या उष्णतेवर देशातली बहुतेक घरे ऊबदार राहतात. चार लाखांहून कमी वस्तीच्या या देशातले निम्म्याहून अधिक लोक राजधानीत आणि तिच्या परिसरात राहतात. शहर पायी फिरण्याजोगे आहे. मुख्य रस्ता लौगावेगुर, म्हणजे झऱ्यांची वाट. पूर्वी बायका धुण्याची ओझी घेऊन याच वाटेने गरम झऱ्यांकडे जात. आता तिथे कॅफे, पुस्तकांची दुकाने आणि पहाटेपर्यंत जागणारे बार आहेत. जवळच स्कोलावोर्दुस्तीगुर हा चढाचा रस्ता लागतो. त्याच्या सुरुवातीच्या भागावर इंद्रधनुष्याचे सहा रंग रंगवलेले आहेत आणि ते पट्टे थेट हाल्ग्रिम्सकिर्क्या या चर्चच्या दिशेने जातात. साडेचौऱ्याहत्तर मीटर उंचीच्या या चर्चची दर्शनी बाजू बेसाल्टच्या खांबांसारखी घडवलेली आहे. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर समलिंगी लोकांचे रंग असावेत, याचे इथे कुणाला नवल वाटत नाही. हा स्वीकार सहज मिळालेला नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या दंडसंहितेनुसार समलिंगी संबंध हा गुन्हा होता. १९२४मध्ये त्या कलमाखाली गुद्मुंदुर सिगुरयोन्सोन होफदाल याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. तो ग्लिमा या आइसलँडी कुस्तीचा नामांकित मल्ल होता आणि १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या कुस्तीच्या प्रात्यक्षिकात उतरला होता. या कलमाखाली शिक्षा झालेला तो देशातला एकमेव माणूस. १९४०मध्ये ते कलम रद्द झाले, पण समलिंगी लोकांना शांतता मिळाली ती गप्प बसण्याच्या अटीवर.

ती शांतता १९७५मध्ये एका गायकाने मोडली. होर्दुर तोर्फासोन हा तेव्हा लोकप्रिय गायक आणि नट होता. एका मासिकातल्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे त्याने सांगितले आणि लोकांचा रोष इतका उसळला की त्याला देश सोडून डेन्मार्कला जावे लागले. तरीही तो परतला. ९ मे १९७८ रोजी त्याने थोड्या सोबत्यांसह 'साम्तोकिन ७८' ही संघटना स्थापन केली. संघटनेच्या जाहिरातीत समलिंगी स्त्री-पुरुषांसाठीचे त्यांचे स्वतःचे शब्द उच्चारायला सरकारी रेडिओने तेव्हा नकार दिला होता. पुढे याच रेक्याविकमध्ये याच माणसाने आणखी एक मोठे काम केले. २००८मध्ये देशातल्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या तेव्हा संसदेसमोरच्या आउस्तुरवोतलुर चौकात दर शनिवारी निदर्शने उभी करण्यात तोर्फासोन पुढे होता. जानेवारी २००९मध्ये सरकार गेले आणि १ फेब्रुवारीला योहाना सिगुर्दार्दोत्तिर पंतप्रधान झाल्या. आपले समलिंगी असणे उघड असलेली व्यक्ती आधुनिक जगात सरकारप्रमुख होण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्याला एकेकाळी देश सोडावा लागला, त्याच्याच आंदोलनातून ही वाट मोकळी झाली, हे या चौकात उभे राहून आठवण्यासारखे आहे.

जून २०१०मध्ये आल्थिंगने, म्हणजे संसदेने, विवाहाचा कायदा सर्वांसाठी समान केला. बाजूने ४९ मते पडली, विरोधात एकही नाही. कायदा २७ जूनला लागू झाला आणि त्याच दिवशी पंतप्रधानांचा त्यांच्या जोडीदार, लेखिका योनिना लेओसदोत्तिर यांच्याशी विवाह नोंदला गेला. २०१९च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींना वैद्यकीय दाखल्याशिवाय स्वतःची लिंगओळख नोंदवता येऊ लागली.

ऑगस्टमधला 'हिनसेगिन दागार', म्हणजे प्राइडचा सप्ताह, हा शहराच्या मोठ्या कौटुंबिक उत्सवांपैकी एक आहे. आजी-आजोबा, बाबागाडीतली मुले, शाळकरी पोरे असे हजारो लोक मिरवणूक पाहायला रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. भेटीची वेळ निवडायचीच असेल तर ही निवडावी. रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, अंगावर मात्र स्वेटर लागतोच.

शहरापासून तासाभराच्या अंतरावर थिंगवेलिर आहे. इसवी सन ९३०पासून आल्थिंग इथे, दोन भूपट्टांमधल्या दरीत, उघड्यावर भरत असे. १९४४मध्ये प्रजासत्ताकाची घोषणाही इथेच झाली. पाट्यांवरच्या खुणा पाहत नदीकाठाने चालताना एक डोह लागतो, ड्रेकिंगारह्युलुर, म्हणजे बुडवण्याचा डोह. १५६४च्या कडक नीतिकायद्यानंतर व्यभिचार, अगम्यगमन यांसारख्या आरोपांखाली किमान १८ स्त्रियांना इथे पाण्यात बुडवून मारले गेले. बहुतेक प्रवासी इथून घाईने पुढे गेसिरच्या गरम झऱ्यांकडे आणि गुल्फोसच्या धबधब्याकडे जातात. इथे थांबायला हवे. या डोहाकाठी जे आल्थिंग भरत असे, त्याचेच नाव आजच्या संसदेला आहे, आणि ४९ मते पडली ती तिच्याच सभागृहात.

मराठी प्रवाशाला शेंगेन व्हिसा लागतो आणि युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलून जाता येते. सार्वजनिक तरणतलावांत उतरण्यापूर्वी कपडे काढून अंघोळ करण्याचा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. परदेशी समलिंगी जोडप्यांना इथे कायदेशीर विवाह करता येतो. भारतात मात्र त्या विवाहाला मान्यता नाही; सर्वोच्च न्यायालयानेही १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात ती दिली नाही.