रद्द पानांचा जामीन

‘पाठशुद्धी’ हा शब्द साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. हस्तलिखितांच्या नकला होताना अक्षरे गळतात, ओळी वरखाली होतात, समासातली टीप मजकुरात शिरते. मग कोणी तरी चार प्रती पुढ्यात घेऊन मूळ पाठ कोणता असावा याचा शोध घेतो. हे काम माणसाचे आणि कागदाचे, अशी आमची समजूत होती. परंतु ज्या उपकरणात आज आपण आपले सारे लेखन ठेवतो, त्याच्या पोटातही जवळजवळ हेच काम अहोरात्र चाललेले असते.

आम्हांला हे कळण्याचे निमित्त घरगुती होते. आमचे वडील नाशिकला शाळेत मराठी शिकवीत. त्यांच्या मागे ज्ञानेश्वरीवरील टिपणांच्या वह्या राहिल्या. एकेका प्रकरणाचे तीन-तीन, चार-चार खर्डे. त्या स्कॅन करून झाल्यावर घरात प्रश्न निघाला की, आता शेवटचा खर्डा तेवढा ठेवून बाकीचे का काढून टाकू नयेत? आमचा भाचा संगणकाच्या स्मृतीशी संबंधित काम करतो. तो म्हणाला, “मामा, काढून टाकणं वाटतं तितकं सोपं नसतं. डिस्कसुद्धा दहादा विचार करते.”

त्याने समजावले ते असे. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरती तबकडी नसते. फ्लॅश स्मृतीच्या सूक्ष्म कोशांत विद्युतभार कोंडून मजकूर ठेवलेला असतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृती घडवली. कोशांची पाने आणि पानांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, अशी रचना असते. लिहिता येते एकेक पान. पुसावा मात्र लागतो अख्खा ब्लॉक. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. आपण एक शब्द बदलला की सुधारलेले पान दुसऱ्या कोऱ्या जागी उतरते आणि जुने रद्द ठरते. रद्द पाने साचली की ड्राइव्ह एखादा ब्लॉक निवडतो, त्यातली चालू पाने अन्यत्र उतरवून घेतो आणि मग तो ब्लॉक पुसतो. याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. प्रत्येक पुसण्याने कोश थोडे झिजतात, म्हणून हे कामही बेताने करावे लागते.

त्यात कोंडलेला भार कालांतराने झिरपतो आणि अक्षर बदलते. यावर उपाय म्हणून प्रत्येक पानासोबत गणिताने काढलेली काही जादा चिन्हे ठेवतात. त्यांवरून चूक सापडते आणि एका मर्यादेपर्यंत दुरुस्तही होते. रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये अशा संकेतांची मांडणी प्रसिद्ध केली. फ्लॅश स्मृतीत पुष्कळ वापरल्या गेलेल्या ‘बीसीएच’ संकेतातला ‘बी’ म्हणजे राजचंद्र बोस, एके काळचे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील गणिती. पान हलवताना ते आधी वाचून, तपासून, दुरुस्त करून मगच लिहिले तर नक्कल निर्दोष होते. वेळ वाचवण्यासाठी न तपासताच उतरवले तर चूकही उतरते आणि पुढच्या नकलेत तिला नवी चूक येऊन मिळते. लेखनिकांच्या चुकांची वंशावळ याहून वेगळी काय असते?

आम्हांला सर्वांत विलक्षण वाटली ती पुढची गोष्ट. काही रचनांत निरनिराळ्या ब्लॉकमधील पानांचा एक गट करून त्या सर्वांवर मिळून एक ताळ्याचे पान ठेवतात. गटातले एखादे पान दुरुस्तीपलीकडे बिघडले तर उरलेल्या पानांवरून ते पुन्हा काढता येते. आता यातले एक पान रद्द झाले. वाचणाऱ्याच्या लेखी ते मेले. पण ताळा त्याला धरूनच मांडलेला आहे. ते आधीच पुसले तर शेजारच्या जिवंत पानांचा आधार जातो. नवा ताळा मांडून होईपर्यंत ते रद्द पान राखावेच लागते. ते दुसऱ्यांना जामीन राहिलेले असते.

नाशिककरांना ताळ्याची कल्पना परकी वाटू नये. वेदपठणातील क्रम, जटा, घन हे पाठ म्हणजे शब्दांना उलटसुलट गुंफून चुकीला जागाच न ठेवण्याची युक्ती. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात देवव्रत महेश रेखे या अहिल्यानगरच्या तरुणाने काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पुरे केले. त्यापूर्वी असे पारायण सुमारे दोनशे वर्षांमागे नाशिकला वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केले होते, असे त्या वेळी सांगितले गेले. या पद्धतीने अक्षर राहिले. पण जी शाखा म्हणणारे कोणी उरले नाही, ती तिला वाचवता आली नाही. पतंजलीच्या महाभाष्यात ऋग्वेदाच्या २१ शाखांचा उल्लेख येतो. आज हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच उरल्या आहेत.

ग्रंथांच्या बाबतीत दोन रीती दिसतात. नाशिकहून वाहत जाणाऱ्या गोदावरीच्या काठी, पैठणला, एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत भर घालू नये असे बजावले. ते उपकार अपार आहेत. पण त्यांनी गाळले ते काय, हे त्यांच्या प्रतीतून कळत नाही. उलट, पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा मूळ संहितेतून वगळलेले श्लोक आणि पाठभेद तळटीपांत व परिशिष्टांत जपले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या या शिस्तीमुळे संपादकांचा निर्णय चुकला असे वाटल्यास तो तपासण्याचे साधन वाचकाच्याच हाती राहिले.

वडिलांच्या वह्यांकडे आम्ही मग याच दृष्टीने पाहिले. एका ओवीवरील अंतिम टिपणात शाई पसरून दीड ओळ गेली आहे. ती वाचता आली दुसऱ्या, खोडलेल्या खर्ड्यावरून. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी अर्थ बदलला तो का, याचे कारण शेवटच्या खर्ड्यात नाहीच. ते पहिल्यातल्या काट मारलेल्या चार वाक्यांत आहे. आम्ही सर्व खर्डे ठेवले आणि कागदही ठेवला. कारण विजेवाचून वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या ड्राइव्हमधला भारही ओसरतोच.

सगळेच ठेवता येत नाही, हे खरे. जागा यंत्रातही मोजकी आणि घरातही. पण टाकाऊ काय, हे एकट्या पानाकडे पाहून ठरवता येत नाही. त्याच्या भरवशावर दुसरे कोणते पान उभे आहे, हे आधी पाहावे लागते. ते पाहून झाल्यावर पुसायला हरकत नसावी.